हात न लावण्याचा नियम

पडलेल्याला आधी उठवावं, हे आम्ही लहानपणीच शिकलो. म्हणून हवाई बेटावरच्या आयर्नमॅन शर्यतीची १९८२ ची चित्रफीत पाहताना आमचे हात शिवशिवतात. ३.८ किलोमीटर पोहणं, १८० किलोमीटर सायकल, मग ४२.२ किलोमीटर धावणं. तेही उन्हात, लाव्हाच्या काळ्या खडकांमधून. पुढच्या सायकलच्या आडोशानं वारा चुकवणाऱ्याला आज पाच मिनिटांचा दंड होतो. तो आम्हांला पटतो, ती चोरीच! पण सर्वांत पुढं असलेली जूली मॉस शेवटाजवळ कोसळली. कुणी आधार दिला तर आपण बाद होऊ, या भीतीनं तिनं मदतीला आलेल्यांना दूर सारलं. कॅथलीन मॅकार्टनी पुढं निघून गेली, जिंकली. जूली रांगत २९ सेकंद उशिरा पोचली. आम्ही अजूनही त्या मदतीला धावणाऱ्यांच्याच बाजूचे. तिला मात्र ते नको होतं.