माझा लॅपटॉप निरोप घेऊन झोपतो!

लॅपटॉप रोजनिशी लिहितो! काही न लपवता, एकेका सेकंदाची, आणि ती आपल्याला वाचता येते! कॉम्प्युटरवाले म्हणतील, त्यात काय मोठंसं, लॉग असतो तो. असेल. पण मी मुद्रितशोधन करणारी बाई, ऱ्हस्व-दीर्घ बघण्यात आयुष्य गेलेलं, आणि मला हे कळलं या पावसाळ्यात. तेव्हापासून भेटेल त्याला हेच सांगत सुटले आहे. घरची मंडळी आता विषय बदलतात, म्हणून तुम्हाला सांगते.

निमित्त अगदी रोजचं. दिवाळी अंकांचं काम सुरू झालेलं, प्रुफं सगळी ईमेलवर. मध्येच उठायचं, लॅपटॉपचं झाकण मिटायचं, कुकर लावायचा, परत येऊन झाकण उघडायचं. पडदा लगेच उजळतो, फाइल जिथल्या तिथे, कर्सर लुकलुकतोय, आणि वाय-फाय नाही. कधी मुळातच नाही, म्हणजे यादीत शेजाऱ्यापाजाऱ्यांचीही नेटवर्कं दिसत नाहीत. कधी जोडल्याची खूण दिसते, पण पान उघडता उघडत नाही. आणि कधी सगळं झक्क! हे ‘कधी कधी’ फार वाईट. कायमची बिघडलेली वस्तू दुरुस्तीला टाकता येते. दुकानात गेल्यावर सुतासारखी सरळ होणाऱ्या वस्तूचं काय करायचं? रीस्टार्ट केलं की गाडी रुळावर यायची. पण सात-आठ प्रुफं उघडी असताना दर वेळी रीस्टार्ट म्हणजे शिक्षाच.

माझा भाचा बंगळुरूला असतो. या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स त्यानेच घालून दिलं होतं. त्याला फोन केला.

“मावशी, तुझ्या फोनवर वाय-फाय चालू आहे ना आत्ता? मग राउटर ठीक आहे. रीस्टार्ट करू नकोस! पुरावा जाईल.”

पुरावा! हा शब्द ऐकला आणि मी एकदम सरसावून बसले.

त्याने टर्मिनल उघडायला लावलं, म्हणजे ती काळी चौकट. ‘जर्नलसीटीएल’ असं टाइप करायला सांगितलं, पुढे उणेचिन्ह आणि बी. आणि भराभरा ओळीच ओळी! तारीख, वेळ, कोण बोललं, काय बोललं. सकाळी बटण दाबल्यापासूनचं सगळं. इंग्रजी तुटक, पण प्रुफं वाचणाऱ्याला तुटक मजकुराची भीती नसते. मी कुकरच्या वेळेवर गेले आणि तिथे खरंच लिहिलं होतं: झाकण मिटलं. लिड क्लोज्ड!

त्याच्या खाली झोपेची सगळी तयारी. आधी चालू प्रोग्रॅम जागच्या जागी गोठवले. मग एकेक उपकरण निजवलं. मग प्रोसेसरचे भाग एकामागून एक बंद: एक ऑफलाइन, दोन ऑफलाइन, तीन ऑफलाइन. शून्य क्रमांकाचा शेवटपर्यंत जागा. मग ‘एस ३’ नावाची अवस्था, ज्यात बाकी सगळ्याची वीज तुटते आणि फक्त मेमरीला धुगधुगीपुरती मिळत राहते. म्हणून तर कर्सर जिथे सोडला तिथेच सापडतो. या अवस्थांचे नंबरही ठरलेले आहेत. एस ० म्हणजे टक्क जागा, एस ४ म्हणजे मेमरीतलं सगळं डिस्कवर उतरवून झोप, एस ५ म्हणजे बंद. एसीपीआय या मानकात हे आहे, ते 1996 च्या डिसेंबरात पहिल्यांदा आलं. तेव्हापासून जगभर लॅपटॉप असे पायरीपायरीने झोपतायत आणि मला वाटत होतं की नुसता पडदा मालवतो.

आणि या सगळ्याच्या जरा वर ती ओळ, जिच्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला. वाय-फायच्या कार्डाने राउटरला कळवलं होतं: ‘डीऑथेंटिकेटिंग, बाय लोकल चॉइस, रीझन ३.’ भाच्याला विचारलं, तीन म्हणजे काय? तो म्हणाला, तीन म्हणजे ‘मी हे नेटवर्क सोडून जातोय’. अहो, झोपण्यापूर्वी माझा लॅपटॉप राउटरचा निरोप घेतो! स्वखुशीने जातोय, हेही नमूद करतो. निरोपाच्या कारणांना नंबर आहेत, त्यांची मोठी यादी आहे आणि ती मी त्या रात्री वाचून काढली. (रीझन १ म्हणजे कारण सांगितलेलं नाही. असे पाहुणेही असतातच.)

झोपेतून उठल्यावर याच्या उलट घडायला हवं. ओळख पटवली, राउटरने मानली, जोडणी मागितली, मिळाली, मग पासवर्डवरून किल्ल्यांची देवाणघेवाण, मग राउटरकडून आयपी पत्ता. चांगल्या दिवशीच्या नोंदीत हे सगळं दोन-चार सेकंदांत उरकलेलं दिसलं. वाईट दिवशीच्या नोंदीत? प्रोसेसर उठले, प्रोग्रॅम उठले, आणि कार्डाच्या जागी लाल अक्षरांत ओळ: फर्मवेअर सुरू झालं नाही, वाट पाहण्याची मुदत संपली. पुन्हा प्रयत्न. पुन्हा मुदत संपली.

आता हे फर्मवेअर प्रकरण ऐकाच. वाय-फायच्या कार्डात स्वतःचा एक चिमुकला प्रोसेसर असतो, त्याला चालवायला स्वतःचा प्रोग्रॅम लागतो, आणि माझ्यासारख्या पुष्कळ कार्डांत तो प्रोग्रॅम कायमचा साठवायची सोयच नसते. तो पडलेला असतो डिस्कवर. कार्डाची वीज गेली की कार्ड कोरं होतं! उठल्यावर ड्रायव्हरने, म्हणजे लॅपटॉपच्या बाजूने कार्ड सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमने, तो प्रोग्रॅम परत कार्डात भरायचा, तेव्हा कुठे त्याला वाय-फाय म्हणजे काय ते कळणार. माझ्याकडे हा भरण्याचा सोपस्कार मधूनच फसत होता. म्हणून शेजाऱ्यांचीही नेटवर्कं दिसत नव्हती. राउटर बिचारा तिकडे ठणठणीत.

इलाज काय, तर ड्रायव्हर काढायचा आणि परत घालायचा. ‘मॉडप्रोब’ नावाची आज्ञा, एकदा उणे आर लावून, एकदा न लावता. एंटर मारलं. यादीत एकेक नेटवर्क उगवायला लागलं! खालच्या मजल्यावरचं, समोरच्या क्लासचं, मग माझं! रीस्टार्ट नाही, प्रुफं तशीच उघडी. मी एवढ्या मोठ्याने ओरडले की आतून हे धावत आले, त्यांना वाटलं शॉक बसला.

पण दर वेळी हात कशाला लावायचा? लिनक्समध्ये एक फोल्डर आहे, ‘सिस्टिम-स्लीप’. त्यात ठेवलेली स्क्रिप्ट झोपण्यापूर्वी आणि उठल्यानंतर आपोआप चालते. आधी तिला ‘प्री’ म्हणून हाक येते, नंतर ‘पोस्ट’ म्हणून. चार-पाच ओळींचं काम. प्री आलं की ड्रायव्हर काढ, पोस्ट आलं की घाल. भाच्याने सांगितल्या, मी टाइप केल्या, आणि एक अर्धविरामही चुकू दिला नाही. मग झाकण मिटवून उघडलं, परत मिटवून उघडलं, जेवायच्या वेळेपर्यंत हाच उद्योग. दर वेळी वाय-फाय हजर.

उरला दुसरा आजार: खूण आहे पण पान उघडत नाही. तो वेगळाच निघाला, आणि त्यात तर आणखी मौज. काळ्या चौकटीतून ‘पिंग’ करून राउटरला हाका मारल्या. 192.168.1.1 हा आमच्या राउटरचा पत्ता. उत्तर यायला कधी 3 मिलिसेकंद, कधी 200, कधी उत्तरच नाही. कारण कार्ड जागेपणीही डुलक्या काढतं! बॅटरी वाचवण्यासाठी. राउटर साधारण दर 102.4 मिलिसेकंदांनी, म्हणजे सेकंदाला जवळजवळ दहा वेळा, आपलं अस्तित्व जाहीर करतो. त्या घोषणेतच एक यादी असते: कोणाकोणासाठी मजकूर येऊन पडला आहे. जोडलेल्या प्रत्येक यंत्राला एक नंबर दिलेला असतो, 1 ते 2007 पैकी. कार्ड नेमकं घोषणेच्या क्षणी डोळे उघडतं, आपला नंबर आहे का बघतं, असला तर मजकूर मागून घेतं, नसला तर पुन्हा डुलकी. 1997 च्या पहिल्या वाय-फाय मानकापासून ही सोय आहे. माझ्या घरात, माझ्या डोळ्यांदेखत, सेकंदाला दहा वेळा हे चाललेलं असतं आणि मी खुशाल ‘नेट स्लो आहे’ म्हणत बसलेली!

झोपेतून उठल्यावर या डुलक्यांचा मेळ बसत नसावा, असा भाच्याचा अंदाज. लिनक्समध्ये नेटवर्क जोडून देणारा ‘नेटवर्कमॅनेजर’ असतो, त्याच्या एका फाइलमध्ये ‘वायफाय पॉवरसेव्ह’ची किंमत 3 होती, ती 2 केली. 3 म्हणजे डुलक्या चालू, 2 म्हणजे बंद. हे आकडे कोणी ठरवले देव जाणे. पुन्हा पिंग: 3, 2, 3, 4, 2. कशी ओळीने नीट बसलेली अक्षरं! बॅटरी थोडी लवकर उतरते; मी टेबलाशी बसूनच काम करते, मला चालेल.

आणि हे बघा, ‘डीमेसेज’ नावाची दुसरी आज्ञा आहे, तिच्यात घड्याळाची वेळ नसते, चालू केल्यापासूनचे सेकंद असतात. त्यात झोपेचा वेळ धरलेलाच नाही. दोन लगतच्या ओळी, आकड्यांत एका सेकंदाचाही फरक नाही, आणि त्या दोन ओळींच्या मध्ये माझी अख्खी रात्र गेलेली, दूधवाला येऊन गेलेला!

आता माझा लोभ वाढला आहे. वरच्या मजल्यावरच्या काकूंच्या लॅपटॉपवर विंडोज आहे, तक्रार डिट्टो तीच. विंडोजही रोजनिशी ठेवतं हो! ‘नेटश डब्ल्यूलॅन शो डब्ल्यूलॅनरिपोर्ट’ अशी आज्ञा ॲडमिनिस्ट्रेटर होऊन दिली की गेल्या तीन दिवसांचा वाय-फायचा सगळा इतिहास एका फाइलमध्ये तयार होतो आणि ती ब्राउझरमध्ये आलेखासकट उघडता येते, कधी जोडलं, कधी तुटलं, का तुटलं. काकू म्हणाल्या, “अगं, तू चहा तरी घे.” चहा निवला. त्यांच्याकडे डिव्हाइस मॅनेजरमध्ये, कार्डाच्या पॉवर मॅनेजमेंटखाली, वीज वाचवायला हे उपकरण बंद करायची मुभा देणारी एक टिकली होती. ती काढून टाकली आहे आणि निकालाची वाट बघतो आहोत. काही नव्या लॅपटॉपवर हा भागच दिसत नाही, कारण ते एस ३ मध्ये झोपतच नाहीत, अर्धवट जागे राहतात. त्यांचा ‘पॉवरसीएफजी’ नावाचा आणखी एक अहवाल निघतो म्हणे; काकूंची सून तसला नवा लॅपटॉप घेऊन शनिवारी येणार आहे.

माझ्या हेडफोनचं ब्लूटूथही उठल्यावर कुरकुर करतं. कालच कळलं की ते त्याच कार्डावर असतं, पण वाय-फाय लॅपटॉपशी पीसीआयवरून बोलतं आणि ब्लूटूथ यूएसबीवरून. एकाच कार्डावर दोन बिऱ्हाडं, दोन वेगळ्या वाटा! म्हणजे त्याची रोजनिशी वेगळी वाचावी लागणार. भाचा आज फोन उचलत नाहीये, पण मी काळी चौकट उघडलेलीच आहे.