आरामाचा पंप आणि रोजचा पंप

बेळगावहून बेंगळुरूला आले आणि एका रुग्णालयाच्या छातीविकार विभागात परिचारिका झाले. कन्नड चांगलं येत असल्याने दम्याच्या रुग्णांना घरी जाण्याआधी समजावण्याचं काम माझ्याकडे आलं. ज्यांना कधी व्हेंटिलेटरवर ठेवावं लागलं, त्यांच्यापाशी मी जास्त वेळ बसते. असा अटॅक एकदा येऊन गेला की पुन्हा येण्याचा धोका इतरांपेक्षा बराच जास्त. आणि हीच माणसं जरा बरं वाटलं की औषध सोडतात.

अगरबत्त्या वळणारी एक अक्का होती. बेंगळुरूत हा धंदा जुना. कितीतरी बायका घरीच बसून कोळशाच्या पुडीचा लगदा काडीवर वळतात. व्हेंटिलेटर निघून ती वॉर्डात आली, तेव्हा तिने पिशवीतून निळा पंप काढून दाखवला. "हा आहे ना सिस्टर. मेडिकलमधून आणते. महिन्याला एक लागतोच."

एका पंपात दोनशे मात्रा असतात. महिन्याला एक संपणं म्हणजे जिवाला धोका, असं दम्याच्या जागतिक मार्गदर्शक सूचना सांगतात. निळ्या पंपातलं साल्ब्युटामॉल आवळलेल्या श्वासनलिका तेवढ्यापुरत्या मोकळ्या करतं. आतली सूज तशीच राहते. सूज उतरवतो तो स्टिरॉइडचा रोजचा पंप, आणि तोच तिने बंद केला होता. स्टिरॉइडने हाडं ठिसूळ होतात, सवय लागते, असं शेजारणींनी सांगितलं होतं. ही भीती हसण्यावारी नेऊ नये. मी तिला सांगितलं, पंपातली मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते आणि थेट श्वासनलिकांत जाते. आयसीयूत शिरेतून दिलेलं स्टिरॉइड त्याच्या कितीतरी पट होतं. रोजचा पंप घ्यायचा तो ते टाळण्यासाठी.

मग म्हटलं, "अक्का, घेऊन दाखवा." फवारा जिभेवर उडाला. वर्षानुवर्षं बहुतेक औषध तोंडातच राहत असणार. पंपाला स्पेसरची नळी लावली. पंप हलवायचा, श्वास पूर्ण सोडायचा, एकदा दाबून सावकाश आत ओढायचा, दहा अंक मोजेपर्यंत रोखायचा, शेवटी चूळ भरायची. तिला जमेपर्यंत मी उठले नाही. नुसतं तोंडी सांगणं म्हणजे शिकवणं नव्हे, असं माझं ठाम मत आहे.

नवऱ्यालाही बसवून घेतलं, कारण औषधाचे पैसे तो देतो. कोळशाच्या धुळीचं काम सोडा म्हणणं सोपं, पण घरभाडं कुठून येणार? कोळशाची पूड कालवण्याचं काम दुसऱ्या कुणी अंगणात करायचं, एवढं त्याने कबूल केलं. कागदावर कन्नडमध्ये लिहून दिलं: बोलताना वाक्य तुटू लागलं, किंवा निळ्या पंपाचा आराम चार तासही टिकेना, की पंप घेत घेत थेट रुग्णालयात यायचं, सकाळची वाट पाहायची नाही.

या शहरात दमा किती वाढला, हे डॉ. एच. परमेश यांनी रुग्णालयात आलेल्या मुलांच्या पाहणीतून दाखवलं आहे: १९७९ मध्ये ९ टक्के, १९९९ मध्ये २९.५ टक्के. वाहनांचा धूर आणि काँग्रेस गवताचे परागकण आम्हाला थांबवता येत नाहीत. पंप नीट घ्यायला मात्र शिकवता येतं.

तुमच्या घरात कुणाचा निळा पंप भराभर संपत असेल, तर दुकानातून दुसरा आणण्याआधी त्याला डॉक्टरांकडे न्या, आणि तो पंप कसा घेतो ते तिथे दाखवायला लावा.