ठिपकीचे दुखणे

कोंबडीची गणना शहाण्या पक्ष्यांत कोणी करीत नाही. पोपट बोलतो म्हणून त्याचे कौतुक. मोर नाचतो म्हणून त्यास राष्ट्रीय पक्ष्याचा मान. कबुतरांना तर दाणे टाकणारे दाते सुरतेत पुष्कळ. कोंबडीला मात्र आपल्या भाषेत म्हणीपुरतीच जागा मिळाली आहे. कोंबडे झाकल्याने उजाडायचे राहत नाही, एवढे आपण म्हणतो. त्या झाकलेल्या कोंबड्याचे पुढे काय झाले, हे कोणी विचारीत नाही. असे असता एका साध्या कोंबडीच्या दुखण्यावर वार्षिक अंकाची दोन पाने आम्ही भावंडे खर्च करीत आहोत, ती त्या दुखण्याने आम्हांस जे शिकविले त्याकरिता.

आमचे घर उधना भागात आहे. येथील कितीतरी मराठी कुटुंबांप्रमाणे आमचेही मूळ खानदेशातले. सुरत-भुसावळ लोहमार्गाने ही माणसे मागांच्या कामाला आली आणि येथलीच झाली. आजीने गाव सोडले, पण कोंबड्या पाळण्याची सवय सोडली नाही. घरामागे चार हात जागा आहे. तेथे खुराडे, व खुराड्यात पाच कोंबड्या. त्यांतील एकीच्या करड्या पिसांवर पांढरे ठिपके, म्हणून तिचे नाव ठिपकी. अंड्यांचे पैसे आजी एका पत्र्याच्या डब्यात ठेवते. घरात तेवढेच तिचे स्वतःचे उत्पन्न, आणि त्यांतून आमच्या वह्या-पेन्सिली येतात. तेव्हा ठिपकी ही केवळ शोभेची नव्हती, हे वाचकांच्या ध्यानी येईल.

मकरसंक्रांत होऊन आठ-दहा दिवस झाले असतील. ठिपकी दाणे टिपीनाशी झाली. पिसे फुलवून, डोळे मिटून ती कोपऱ्यात उभी राही. तुरा फिका पडला होता. आजीने पहाटे तिला मांडीवर घेऊन गळ्याखाली बोटांनी चाचपले. कोंबडीने टिपलेला दाणा आधी तेथील पिशवीत साठतो व मग हळूहळू पोटात उतरतो. निरोगी कोंबडीची ही पिशवी संध्याकाळी भरलेली आणि सकाळी रिकामी असते. ठिपकीची मात्र सकाळीही फुगलेली, मळलेल्या कणकेच्या गोळ्यासारखी लागत होती. “हिचं अन्न खाली उतरत नाही,” आजी म्हणाली.

शेजारपाजारी भीती पसरली. ती निराधार होती असे नाही. फेब्रुवारी २००६ मध्ये भारतातील पहिला बर्ड फ्लू आढळला तो नवापुरास, म्हणजे याच लोहमार्गावर, महाराष्ट्र-गुजरातच्या सीमेवर. त्या वेळी त्या परिसरात लाखो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या. ज्यांनी ते दिवस पाहिले, त्यांना आजारी कोंबडी दिसताच धडकी भरते. शिवाय मानमोडीचा रोगही आहेच. उत्तराखंडातील राणीखेतच्या नावाने तो आपल्या देशात ओळखला जातो. तो एकदा खुराड्यात शिरला की सारे खुराडे ओस पडू शकते. “मरायच्या आधी हिला दूर कुठे टाकून या,” असा सल्ला शेजारच्या मासींनी दिला. वडिलांनीही हिशेब मांडला : हिच्या औषधपाण्याला जेवढे पैसे लागतील, तेवढ्यात दोन नव्या कोंबड्या येतील.

आजीने तो हिशेब खोडून काढला नाही. ती एवढेच म्हणाली, “हिशेब बरोबर आहे रे. पण दुखणं आलं म्हणून जिला टाकायचं, तिला पाळायचं तरी कशाला?” वडील काही वेळ गप्प राहिले. मग त्यांनी स्वतःच एक टोपली आणून तिच्यात गोणपाट अंथरले आणि ठिपकीला इतरांपासून वेगळे केले. नाकातोंडाला फडके बांधून तिला हाताळावे व नंतर साबणाने हात धुवावेत, असा नियम झाला. दया आणि सावधगिरी ही एकमेकींच्या वैरिणी नाहीत, हे आम्ही त्या दिवशी पाहिले.

दुसऱ्या दिवशी आम्ही टोपली घेऊन पशुवैद्यांकडे गेलो. बाकीच्या चारही कोंबड्या धडधाकट आहेत, हे ऐकून त्यांनी साथीची शंका दूर केली. मग भूल देऊन त्यांनी पिशवीला लहानसा छेद घेतला आणि चिमट्याने आतून गुंता बाहेर काढला. त्यात पतंगाचा दोरा होता, साडीच्या काठाचे कृत्रिम धागे होते आणि त्यांत अडकून कुजलेले दाणे होते. सुरतेला दोन गोष्टींनी प्रसिद्धी मिळाली आहे, एक साड्या आणि दुसरा मांजा. त्या दोहोंचे उरलेले तुकडे आमच्या गल्लीतून ठिपकीच्या गळ्यात जमा झाले होते. कोंबडीला दात नसतात. चोचीत आले ते ती गिळते, आणि असा धागा पोटात जिरत नाही. टाके घालून वैद्यांनी औषध लिहून दिले व बजावले, की दाणा आठ दिवस बंद, आणि औषध चालू असता अंडे आले तरी खायचे नाही.

पुढचे दिवस शुश्रूषेचे होते. जानेवारीच्या रात्री, आणि पक्ष्याचे अंग मुळातच ४१ अंश सेल्सिअसच्या आसपास उबदार. ती ऊब टिकावी म्हणून टोपलीशेजारी दिवा ठेवला. मऊ भाताची पातळ पेज थोडी थोडी, दिवसातून पाच-सहा वेळा. आम्ही पाळ्या वाटून घेतल्या. पहिले तीन दिवस तिने चोच उघडली नाही. थेंब थेंब पाणी चोचीच्या कडेला लावावे लागे. तिसऱ्या रात्री तिची मान इतकी लवली, की आम्हांपैकी धाकटीला रडू आवरेना. आजी मात्र टोपलीजवळून हलली नाही. चौथ्या दिवशी पहाटे चाचपले, तो पिशवी रिकामी लागली. अन्न उतरले होते. एरवी क्षुल्लक वाटणाऱ्या त्या गोष्टीने घरात सणासारखा आनंद झाला.

सुरत म्हटले की मराठी मनाला शिवछत्रपतींची १६६४ ची स्वारी आठवते. तिच्यानंतर पंचवीस वर्षांनी, १६८९ मध्ये, ओव्हिंग्टन नावाचा इंग्रज धर्मोपदेशक या बंदरात उतरला. येथील वाण्यांनी शहराजवळ चालविलेले जनावरांचे इस्पितळ पाहून तो चकित झाला. आजारी, लंगड्या, म्हाताऱ्या गाई, घोडे, शेळ्या, कुत्री तेथे पोसली जात. १७७२ सालच्या वर्णनात तर तेथे कोंबड्या आणि कबुतरेही होती, व पंचाहत्तर वर्षे तेथेच राहिलेले एक कासव होते. परदेशी पाहुण्यांना हे नवल वाटले, कोणाला हसूही आले. ज्या प्राण्यापासून यापुढे काही मिळायचे नाही, त्याला दोन घास घालणे हे व्यापाऱ्यांच्या शहराला सुचावे, ही गोष्ट आम्हांस मोठी वाटते. पांजरापोळ सुरतेत आजही आहे.

ठिपकी पंधरवड्यात हिंडू-फिरू लागली. तुऱ्याला लाली चढली. महिन्याभराने इतर कोंबड्यांत सोडली, तेव्हा त्यांनी तिला परकी समजून टोचले. दोन दिवसांत पुन्हा समेट झाला. फाल्गुनात तिने अंडे घातले. वडिलांनी ते हाती घेतले, पुसले आणि काही न बोलता आजीच्या डब्याशेजारी ठेवले.

उत्तरायणाच्या सुमारास जखमी पक्ष्यांसाठी गुजरातेत २०१७ पासून ‘करुणा अभियान’ चालते. आकाशात पंख कापले गेलेले पक्षी त्यामुळे वाचतात. परंतु खाली पडलेल्या दोऱ्याचे काम अभियानावर सोपवून चालणार नाही. ते ज्याच्या त्याच्या दारातले आहे. आता आम्ही दर रविवारी गल्लीतील मांजा आणि धाग्यांचे तुकडे वेचून पोत्यात भरतो. प्रारंभी आम्ही तिघेच होतो. आता शेजारची सहा-सात मुले येतात, आणि पोत्याचे तोंड धरायला मासी स्वतः उभ्या राहतात.