वाळूच्या डोंगरापाशी दोन रात्री

डेन्व्हरहून दक्षिणेला निघाले की उजव्या हाताला रॉकी पर्वताची रांग बराच वेळ सोबत करते. वॉल्सेनबर्गपाशी हमरस्ता सोडून पश्चिमेला वळावे, नऊ हजार चारशे फुटांवरची खिंड ओलांडावी, आणि मग समोर सान लुइसचे सपाट खोरे उलगडते. खोऱ्याच्या पूर्व कडेला, सांग्रे दे क्रिस्तो पर्वताच्या पायथ्याशी, चक्क वाळूचे डोंगर उभे आहेत. वाऱ्याने खोऱ्यातली वाळू शतकानुशतके उचलून पर्वताच्या कुशीत आणून टाकली आहे. सर्वांत उंच टेकडी सुमारे ७४० फूट भरते. कोलोरॅडोतील या ग्रेट सँड ड्यून्स राष्ट्रीय उद्यानात गेल्या शरद ऋतूत मी दोनदा मुक्काम केला. दोन्ही मुक्काम माझ्या थोरल्या भावाच्या सोळा फुटी ट्रेलरमध्ये झाले.

दादा आता ७२ वर्षांचा आहे. निवृत्तीनंतर त्याने गाडीमागे ओढायचे हे चिमुकले घर घेतले. आत एक पलंग, दोन बाके, गॅसची शेगडी आणि गॅसवरच चालणारा हीटर. त्याला सहा वर्षांपासून स्लीप अ‍ॅप्निया आहे. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, श्वासमार्ग मिटतो, रक्तातला प्राणवायू उतरतो आणि मेंदू माणसाला दचकवून जागे करतो. रात्रभर हेच चालते. त्यावर सीपॅप यंत्र हवेच्या दाबाने मार्ग उघडा ठेवते.

उद्यानातला तळ ८,२०० फुटांवर आहे. आपले कळसूबाईचे शिखर ५,४०० फूट, म्हणजे आम्ही त्याच्याही बरेच वर निजणार होतो. एवढ्या उंचीवर हवेतला प्राणवायू विरळ असतो आणि झोपेतला श्वास अधिकच अनियमित होतो. तळावर कुठेही विजेची जोडणी नाही आणि रात्री जनित्र चालवायला बंदी आहे. सारी भिस्त ट्रेलरच्या बॅटरीवर.

पहिल्या मुक्कामात चूक माझ्याकडूनच झाली. कोरड्या हवेने नाकातून रक्त येते, अशी दादाची तक्रार होती. मी तत्परतेने सांगितले, ‘‘दादा, यंत्रातलं पाणी गरम करायचा आकडा वाढव आणि गरम नळीही लाव.’’ सल्ला वैद्यकीयदृष्ट्या बरोबर होता. तो बॅटरीला परवडेल का, हे मी विचारलेच नाही.

पहाटे तीनच्या सुमारास मला शांततेने जाग आली. यंत्राची घरघर नाही, हीटरच्या पंख्याचा आवाज नाही. विजेरी लावली तर वहिनी दादाच्या छातीवर हात ठेवून बसलेल्या. ‘‘कधीपासून जाग्या आहात?’’ मी विचारले. त्या म्हणाल्या, ‘‘मी झोपलेच नाही, वन्सं. बाहेर आलं की हे यंत्र कधी बंद पडेल, याचीच धास्ती असते. मग मी हात ठेवून बसते.’’

माझ्या दवाखान्यात रुग्णासोबत आलेल्यांना ‘तुमची झोप कशी आहे’ असे मी नेहमी विचारते. माझ्या घरच्या माणसाला मात्र सहा वर्षांत कधी विचारले नव्हते.

दादा उठला तो जड डोके घेऊन. थंडीने कुडकुडत त्याने उबेसाठी शेगडी पेटवायला हात घातला, तेव्हा मी जवळजवळ ओरडले. बंद ट्रेलरमध्ये पेटलेल्या शेगडीतून कार्बन मोनॉक्साइड साठू शकतो. त्याला वास नसतो, रंग नसतो. तो ओळखणारे भिंतीवरचे सूचक यंत्र त्याच बॅटरीवर चालत होते आणि त्याचा हिरवा दिवा विझलेला होता.

सकाळी ‘‘एका रात्रीनं काय होतंय?’’ म्हणत दादा परतीच्या तयारीला लागला. अर्धवट झोपेत मागे ट्रेलर लावून खिंड उतरणे म्हणजे काय होते, हे त्याला सांगून गाडीच्या किल्ल्या मी माझ्या खिशात ठेवल्या. शेजारच्या तळावरच्या गृहस्थांनी परवानगीच्या वेळेत आपले जनित्र दिले. त्यावर यंत्र लावून दादा दुपारी तीन तास झोपला, मगच आम्ही निघालो.

घरी आल्यावर कागद-पेन्सिल घेऊन बसलो. जुनी बॅटरी शिसे-आम्लाची, बारा व्होल्ट, १०० अँपिअर-तासांची. अशी बॅटरी निम्म्याहून जास्त रिकामी केली तर लवकर खराब होते. म्हणजे हाती उरते ६०० वॉट-तास, तेही नवी असताना. ही पाच वर्षांची होती आणि थंडीत तिचा जोर आणखी कमी होतो. उलट बाजूला, गरम पाणी आणि गरम नळी यांसह यंत्राला सुमारे ५५ वॉट, म्हणजे आठ तासांत ४४०. हीटरच्या पंख्याला १७० च्या आसपास. शिवाय बारा व्होल्टचे घरगुती वीजदाबात रूपांतर करणाऱ्या इन्व्हर्टरमध्ये वाया जाणारी वीज वेगळी. पहाटे तीन वाजता अंधार झाला नसता तरच नवल!

दादाने लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी घेतली. अँपिअर-तास तेवढेच, पण जवळजवळ सगळे वापरता येतात : सुमारे १,२८० वॉट-तास. वजन जुनीच्या निम्म्याहून कमी. बहात्तरीच्या कंबरेला हे फार मोलाचे. मात्र नुसती बॅटरी बदलून भागत नाही. जुना चार्जर तिला पुरेसा भरत नव्हता, म्हणून तोही बदलला. शिवाय शून्य अंशाखाली अशी बॅटरी चार्ज करायची नसते. शिसे-आम्लाची बॅटरी भरताना हायड्रोजन वायू सोडते, म्हणून ती ट्रेलरबाहेर, पुढच्या दांडीवर बसवलेली होती. नवीला ते भय नसल्याने तंत्रज्ञाने ती आत, बाकाखाली बसवली आणि धन टोकाजवळच फ्यूज घातला. हे काम हौशी हातांचे नाही, यावर मी ठाम होते. दादा रुसला, पण पाने-पकडी पुढे करण्यावर त्याने समाधान मानले.

सर्वांत मोठी बचत मात्र फुकटात झाली. यंत्र इन्व्हर्टरऐवजी त्याच्या उत्पादकाच्या बारा व्होल्टच्या वायरने थेट जोडले. दादाच्या डॉक्टरांना विचारून पाणी गरम करणे बंद ठेवले आणि कोरड्या नाकासाठी मिठाच्या पाण्याचे थेंब सुरू केले. पन्नासावर जाणारे वॉट बारापर्यंत उतरले.

आपल्याकडे गावी वीज जाते तेव्हा हाच हिशेब लागतो. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर तर याहून कितीतरी खादाड. पाच लिटरचे यंत्र तीनशे-साडेतीनशे वॉट घेते. घरातल्या इन्व्हर्टरवर ते किती तास चालेल, हे वीज असतानाच, दिवसा, रुग्णाजवळ माणूस बसवून आणि भरलेले सिलिंडर हाताशी ठेवून तपासावे.

ऑक्टोबरमध्ये आम्ही पुन्हा गेलो. मेदानो ओढा कोरडा होता, कॉटनवुडची झाडे पिवळी झाली होती, आणि रात्री पारा शून्याखाली गेला. निजण्यापूर्वी दादाने सूचक यंत्राचे बटण दाबून आवाज ऐकवला. बॅटरीचा मापक तेव्हा ९५ टक्के दाखवत होता.

पहाटे सहाला मी उठून पाहिले : ६६ टक्के. यंत्राची घरघर चालू होती. थोड्या वेळाने दादा मुखवटा काढून उठला आणि खिडकीचा पडदा सारून त्याने वाळूवर पडलेला पहिला उजेड मला दाखवला. मी चहाचे भांडे काढायला गेले, तर त्याने ओठांवर बोट ठेवले. वहिनी भिंतीकडे तोंड करून गाढ झोपल्या होत्या. आम्ही दोघे कोट चढवून बाहेर गेलो आणि परतलो तेव्हा आठ वाजून गेले होते. त्या तेव्हाही झोपलेल्याच होत्या.