रिकामी सम

तिकिटावर साडेसातची वेळ छापली होती. अकरा वाजून गेले तरी स्टेजवर एक पोरगा वायरी गुंडाळत होता आणि डीजे जुन्या रेकॉर्डी लावत होता. मी तिसऱ्यांदा घड्याळ बघितलं तेव्हा शेजारून प्रश्न आला, "ड्यूटीवर आलायस का?"

ती आमच्या लॅबमधली माझी ज्येष्ठ सहकारी. आईवडील जमैकाहून बर्मिंगहॅमला आलेले, ती इथल्या हँड्सवर्थमध्ये वाढलेली. मी मिरजेचा, पोरवयात सहा वर्षं तबला घासलेला. तेवढ्या भांडवलावर तिनं मला ओढून आणलं होतं. "तालातलं कळतं म्हणतोस ना? मग चल."

शेवटी बँड आला. त्या रात्री गाणाऱ्या दोन्ही रेगे ग्रुपना साथ त्याच एका बँडची. बास सुरू झाला आणि माझ्या हातातल्या प्लॅस्टिकच्या ग्लासातल्या पाण्यावर बारीक वलयं उठली. मी खुशीत टाळी धरली, चांगली ठसठशीत, समेवर. तिनं माझं मनगटच पकडलं. "तिथे काही नाहीये."

खरंच नव्हतं. चार मोजायला घेतलं तर एकवर ड्रमर गप्प. दोनला आणि चारला गिटारचा तोकडा, छाटलेला सूर. तीनला पायाचा ढोल आणि काडीचा कडेवरचा ठोका, दोन्ही एकदम. याला 'वन ड्रॉप' म्हणतात. पहिली मात्रा चक्क टाकून दिलेली. जिथे आमचा तबलजी जीव ओततो, तिथे ही मंडळी श्वास घेतात. पाच मिनिटं मी अडखळलो आणि मग रूपक आठवला. रूपकात समेवरच खाली. गुरुजी तिथे टाळी न देता हात हवेत उलटा करायचे. तो उलटा हात आठवला आणि पाय बसला.

आधी आले 'माइटी डायमंड्स'. टॅबी शॉ, बनी सिम्प्सन, जज फर्ग्युसन. किंग्स्टनच्या ट्रेंचटाउन वस्तीत 1969 मध्ये जमलेले तिघे, आणि समोर उभे होते तेही तेच तिघे. त्या काळी जमैकात अशा त्रिकुटांचं पीकच आलं होतं. अमेरिकेतल्या 'इम्प्रेशन्स'सारखं गायची हौस, वाद्यं घ्यायला पैसे नाहीत, गळे मात्र फुकट. पहिली दोन गाणी साउंडवाल्यानं बासखाली पार गाडून टाकली. मागून शिव्या गेल्या तेव्हा कुठे आवाज वर आले. टॅबीचा गळा हलका, जवळजवळ लाजरा. आमच्या भजनात टाळकरी बुवांचाच सूर धरून चरण उचलतात. इथे तिघांच्या तीन वाटा, पण शब्द संपायचा तो तिघांचा एकाच क्षणी. मी बनीचा आवाज तेवढा धरून ठेवायला बघायचो. दोन ओळी झाल्या की तो बाकीच्या दोघांत विरघळून जायचा. 2022 च्या मार्चअखेर टॅबीचा किंग्स्टनमध्ये गोळ्या घालून खून झाला आणि तीन दिवसांत आजारी असलेला बनीही गेला. ती बातमी वाचताना मला तो निसटता आवाजच आठवला.

त्या रात्री मग त्यांनी 'पास द कुची' घेतलं. कुची म्हणजे गांजाची चिलीम. याच बर्मिंगहॅमच्या शाळकरी पोरांनी, 'म्युझिकल यूथ'नं, 1982 मध्ये हे गाणं केलं तेव्हा चिलमीच्या जागी 'डची', म्हणजे स्वयंपाकाचं जाड भांडं आलं, आणि गाणं ब्रिटनमध्ये पहिल्या नंबरावर गेलं. हॉलमध्ये भांड्याचं नाव कोणी घेत नव्हतं. आमच्या बाई तर मुद्दाम मोठ्यानं चिलीम.

त्यानंतरचे 'इस्रायल व्हायब्रेशन' कुबड्यांवर आले. तिघेही लहानपणी पोलिओ झालेले, किंग्स्टनच्या मोना पुनर्वसन केंद्रात एकमेकांना भेटलेले. तिसरा ॲपल गेब्रियल केव्हाच वेगळा झाला होता. राहिले होते स्केली आणि विस. मी अवघडलो. माझा एक मावसभाऊ कॅलिपर लावायचा. घरच्या प्रत्येक वरातीत आम्ही त्याला चपला राखायला बसवायचो. तो हसत बसायचाही. आणि इथे तिसऱ्याच गाण्यात दोघांपैकी एकानं एक कुबडी वर उचलली, दुसरीवर भार टाकून अर्धी गिरकी घेतली आणि परत माइकशी आला, सूर न सोडता. मी स्टेजच्या कठड्याशी होतो. कुबडीचं रबरी बूच एका बाजूनं झिजून तिरकं झालेलं दिसत होतं. ते फळीवर टेकत होतं ते बरोबर तिसऱ्या मात्रेवर.

बाहेर पडलो तेव्हा शेवटची बस कधीच गेली होती. टॅक्सीवाला मीरपूरचा निघाला. गाण्याला गेला होतात का, कुठलं, विचारून त्यानं फोनवर रेगे शोधून लावलं आणि स्टिअरिंगवर बोटांनी ठेका धरला, एकवर, चांगला ठसठशीत. बाईंनी माझ्याकडे बघितलं.

"भाईसाब," मी म्हटलं, "वहाँ कुछ नहीं है।"