बर्फाचं वर्गमूळ

थंडी दुप्पट दिवस टिकली तर तळ्यावरचा बर्फ दुप्पट जाड होईल, असं आपल्याला सहज वाटतं. पण दुप्पट जाडीला लागतात चौपट दिवस!

कारण साधं आहे. पाणी गोठताना उष्णता बाहेर टाकतं, किलोमागे सुमारे ३३४ किलोज्यूल. ती हवेत जायची तर आधी जमलेल्या बर्फातूनच वाट काढावी लागते. बर्फ जितका जाड, तितकी वाट लांब. तळं आपली गोधडी आपणच विणतं म्हणा ना.

गणिताची गंमत अशी की पाणी आणि बर्फ यांच्यातली सीमा सतत सरकत असते, आणि ती कुठे आहे हेच तर शोधायचं असतं. १८३१ साली लामे आणि क्लॅपेरॉन या दोघांना पृथ्वीचं कवच कसं घट्ट झालं याचा विचार करताना हे वर्गमूळ सापडलं. व्हिएन्नाच्या जोसेफ स्टेफानने १८८९ मध्ये ध्रुवीय समुद्रातल्या बर्फावर लिहिलं, ध्रुवीय मोहिमांच्या नोंदींशी ताडून पाहिलं, आणि नाव त्याचं लागलं.

आता आकडे. पाणी शून्य अंशावर आणि बर्फाचा वरचा पृष्ठभाग कायम उणे १० अंशांवर धरला, तर पहिल्या दिवशी सुमारे ११ सेंटिमीटर बर्फ जमतो. २२ सेंटिमीटरला चार दिवस, ३३ ला नऊ.

मिनेसोटात आल्यापासून हे गणित माझ्यासाठी कागदावरचं राहिलेलं नाही. लेकीला गोठलेल्या तळ्यावर चालायचं असतं, आणि आईचा पुण्याहून फोन, "तिला बर्फावर सोडू नकोस हं!" लेकीला हे आकडे दाखवले तर ती म्हणाली, "पण बाबा, वर स्नो पडला असेल तर?"

अगदी बरोबर! स्नो म्हणजे दुसरी गोधडी. खालचा बर्फ आणखी सावकाश वाढतो. सूत्रात स्नो नाही, वारा नाही, तळाशी वाहणारं पाणी नाही. म्हणून इथला सरकारी सल्ला असा: चालायला किमान ४ इंच नवा, पारदर्शक बर्फ हवा; पांढरट असेल तर दुप्पट. आणि भोक पाडून मोजा.

मग अचूक उत्तराचा उपयोग काय? संगणकावर असली गणितं करणारे आपला प्रोग्रॅम आधी याच उत्तरावर तपासून घेतात. मला मात्र वाटतं, उत्तराइतकीच त्यामागे काय काय गृहीत धरलंय ती यादी मोलाची. लेकीला ती आधी पाठ करायला लावणार आहे.

असो. तूर्तास सूत्र वहीत आणि गिरमिट गाडीत!