घाणेरी आणि विषवाणिज्य

नाशिकच्या द्वारका चौकात मुंबई-आग्रा आणि नाशिक-पुणे हे दोन महामार्ग मिळतात. त्या परिसरात शेतीच्या औषधांचे दुकान चालविणाऱ्या एका श्रावकाकडे पर्युषणाच्या तोंडावर एका गोशाळेचे कार्यवाह आले. गोशाळेच्या चराऊ रानात घाणेरी माजली होती. तिच्याखाली गवत उगवत नव्हते. भुकेपोटी तिचा पाला खाल्लेली दोन वासरे कावीळ होऊन दगावली होती. ‘शेठजी, तणनाशकाचे चार डबे दान द्या,’ एवढेच मागणे होते. शेठजींनी डबे बाजूस काढून ठेवले.

घाणेरी मूळची अमेरिका खंडातील. इंग्रजी अमलात ती शोभेसाठी भारतात आली. पुढे पक्ष्यांनी फळे खाऊन तिचे बी रानोमाळ नेले. तिच्या पानांतील विषाने गुरांचे यकृत बिघडते. वरवर तोडल्यास ती बुडातून पुन्हा फुटते, म्हणून तणनाशकाचा मोह पडतो. परंतु ग्लायफोसेट घाणेरी आणि मारवेल यांत भेद करीत नाही. ज्या गवतासाठी खटाटोप करावा, तेच फवाऱ्याखाली जळते.

संवत्सरी प्रतिक्रमणात पंधरा कर्मादानांची आलोचना करताना शेठजी ‘विषवाणिज्य’ या शब्दापाशी थबकले. झुडूप तोडावे तर वनस्पतिकायाची हिंसा, रान पेटवावे तर दवदान, फवारावे तर विष. आणि स्वस्थ बसावे तर मुक्या जीवांची उपासमार. साधू अशा सावद्य कार्याचा आदेश देत नाहीत. महाराजसाहेब एकच शब्द बोलले : ‘जयणा.’

दिल्ली विद्यापीठाचे प्रा. सी. आर. बाबू यांनी घाणेरीसाठी एक पद्धत रूढ केली आहे. जमिनीखाली तीन-चार बोटांवर मुख्य मूळ छेदायचे, म्हणजे फुटवा येणारा भाग झुडपासोबतच निघतो. मग ते उलटे ठेवून वाळवायचे. मोकळ्या जागी गवत लावायचे आणि नवी रोपे काही वर्षे हाताने उपटत राहायचे.

शेठजींनी डब्यांऐवजी मजुरांची रोजंदारी दिली. खर्च कितीतरी अधिक आला. ज्या झुडपात घरटे असेल, ते पिले उडेपर्यंत राखण्यास त्यांनी बजावले. हिंसा टळली नाही. ती कमी झाली आणि डोळ्यांसमोर राहिली.

पुढील पावसाळ्यात त्या रानात गवत उभे राहिले. दुकानातील तणनाशकाची फळी मात्र अद्याप भरलेली आहे. घर त्यावरही चालते. संवत्सरीला तो शब्द पुन्हा येईल, हे शेठजी जाणून आहेत.